चौथा मुद्दा

अमरसिंह पोवारांनी उन्मेषचं डोकं प्रिंटरवर दुसऱ्यांदा आपटलं, तरी प्रिंटर थांबला नाही. दुसरं पान बाहेर आलं, ट्रेमध्ये नीट पडलं आणि तिसरं यायला लागलं. अख्ख्या फौंड्रीत दुसऱ्याच्या भांडणात न पडणारं तेवढं एकच यंत्र होतं.

"कुठं गेली ती मेल? सांग की."

उन्मेषचा चष्मा एका कानाला लोंबत होता. त्यानं उत्तर दिलंही, पण तोंड झाकणावर दाबलेलं असल्यामुळे ते फक्त झाकणाला कळलं.

वरच्या ऑफिसातली सात माणसं आपापल्या टेबलामागे उठून उभी होती. पुढे कुणीच आलं नाही. लागलेली कुस्ती मध्येच सोडवणं हा दोन्ही पैलवानांचा अपमान, असं कोल्हापुरात मानतात. इथं दोघांतला एकच पैलवान होता, ही बाब त्या घाईत कुणाच्या ध्यानात आली नसावी. अकाउंट्सच्या नृसिंहरावांनी आपला जेवणाचा डबा तेवढा उचलून कपाटावर ठेवला.

पोवारांच्या शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत जळून कातडीला चिकटली होती. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पाऊण तासापूर्वी, सकाळी साडेनऊला, खाली दोन नंबरच्या भट्टीचं अस्तर फुटलं होतं. अस्तर म्हणजे भट्टीच्या आतला मातीचा जाड थर. तो गेला की वितळलेलं लोखंड बाहेरच्या पाण्याच्या नळ्यांना भिडतं, आणि मग भट्टी पोटातलं सगळं वर फेकते. ते आज भट्टीवरच्या कामगाराच्या, गणपतीच्या अंगावर पडलं, कमरेच्या खाली. पोवारांनी त्याला उचलून गाडीत घातलं तेव्हा तो ओरडत नव्हता. "साहेब, बूट काढा" एवढंच म्हणत होता, आणि बूट काढण्यासारखे उरले नव्हते.

गणपतीला आजऱ्याहून त्यांनीच आणलं होतं, चौदा वर्षांपूर्वी. भट्टीवर उभं राहायला त्यांनीच शिकवलं. त्याची बायको आक्काताई तेव्हा पोरीला हाताला धरून गेटपर्यंत आली होती आणि म्हणाली होती, तुमच्याकडं बघून पाठवतोय हां दादा. पोवारांनी हसून हात हलवला होता.

गाडी गेल्यावर ते वळले आणि समोर दिसेल त्याला विचारत सुटले. शिफ्टचा जोतीराम म्हणाला, मला कोण काय कळवलंय, कळवलं असतं तर भट्टी चालू केली असती व्हय? लॅबची कालिंदी पांढरी पडली होती. ती म्हणाली, मी अस्तर मोजलं होतं सर, परवा. काल दुपारी मेल लिहिली होती, तुम्हाला आणि उन्मेष सरांना. चौथा मुद्दा तोच होता.

मग मेल जोतीरामपर्यंत का पोचली नाही? गर्दीतून कुणीतरी म्हणालं, कापली असणार. कुणी कापली असणार हे सांगायची गरज पडली नाही. कालिंदी पुढं काही सांगत होती, पण पोवार तोवर जिन्याच्या चौथ्या पायरीवर होते.

*

उन्मेष पुण्याहून आला होता, आठ महिन्यांपूर्वी, प्लॅनिंग मॅनेजर म्हणून. वय एकतीस. तो कधी आवाज चढवत नसे, आणि हाच त्याचा पहिला गुन्हा होता. ज्या गावात माणूस प्रेमानं बोलला तरी चार घरं पलीकडं ऐकू जातं, तिथं हळू बोलणाऱ्याच्या मनात काहीतरी आहे असंच धरून चालतात.

तो येण्याआधी कंपनीत मेलची एक पद्धत होती. पोवार उत्पादनाचे प्रमुख; ते मेल लिहीत तेव्हा पत्रच लिहीत. सुरुवातीला सप्रेम नमस्कार, शेवटी कळावे, लोभ असावा. जर्मनीच्या गिऱ्हाइकालाही त्यांनी लोभ असावा असं इंग्रजीत कळवलं होतं, आणि जर्मन माणसानं ते प्रकरण वकिलाला दाखवलं होतं म्हणतात. उत्तर नेहमी वर लिहायचं, आणि खाली आलेलं सगळं तसंच शेपटीसारखं ठेवून द्यायचं. ही शेपटी वाढत वाढत इतकी लांब झाली होती की पंपाच्या एका ऑर्डरच्या मेलखाली चार दिवाळ्यांच्या शुभेच्छा आणि एका गृहस्थाच्या निधनाची बातमी लोंबकळत होती. मालक विश्वजितदादांचा फोन त्या ओझ्यानं दोनदा बंद पडला.

उन्मेषनं नियम काढला. ज्या वाक्याला उत्तर द्यायचं तेवढं वाक्य ठेवा, त्याच्या खाली उत्तर लिहा, बाकीचं छाटा. तो स्वतः दुसऱ्याच्या मेलमधल्या एकेका वाक्याखाली लाल अक्षरांत उत्तर लिही.

नियम चांगला होता. पोवारांनाही तो मनातून पटला असता, पण उन्मेषच्या लाल अक्षरांनी तो पटू दिला नाही. त्यांनी नऊ ओळींचं एकसंध पत्र लिहावं आणि ते अकरा तुकड्यांत परत यावं. नमस्काराच्या खाली लाल, लोभाच्या खाली लाल. "मी बकरं पाठवलं आणि ह्यानं खिमा पाठवला," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ऑफिस हसलं. दहाव्यांदा म्हणाले तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिलेली होती. "आमच्यात माणसाला तोंडावर शिवी देत्यात. वाक्याच्या पोटात सुरी खुपसत न्हाईत." गणेशोत्सवात, आरती झाल्यावर, त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यापुढं लाल अक्षर वाचणार नाही. आणि पोवार बोललेला शब्द पाळतात हे सगळ्या फौंड्रीला ठाऊक होतं.

*

"मी नाही..." उन्मेष म्हणाला. झाकणावरून तोंड सोडवून घेताना त्याचा एक दात झाकणापाशीच राहिला. "सर, मी नाही काढली."

"कापायला काय माझा बा आलता?"

पोवारांनी त्याला कॉलरला धरून फिरवला आणि फायलींच्या कपाटावर फेकला. कपाट हललं. वर ठेवलेला नृसिंहरावांचा डबा खाली आला आणि भात सगळीकडे झाला. उन्मेष त्या भातात गुडघ्यांवर पडला. त्याच्या हाताला टेबलावरचा नमुना लागला, पंपाचं बिडाचं कवच, चार किलोचं. त्यानं ते उचललं आणि न बघता फिरवलं.

ते पोवारांच्या कानामागे बसलं. हातोडी ओल्या लाकडावर पडावी तसा आवाज झाला. पोवार दोन पावलं मागं गेले, खुर्चीचा हात धरून उभे राहिले, आणि मानेवरून रक्त खाली उतरायला लागलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जवळपास समाधान दिसलं. आठ महिन्यांत ह्या माणसानं पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं होतं.

मग ते पुढं झाले. नमुना त्यांनी त्याच्या हातातून केळं घ्यावं तसा घेतला आणि बाजूला ठेवला. उन्मेषच्या छातीवर गुडघा रोवला, त्याचा उजवा हात धरला आणि मूठ उघडली. मूठ उघडायला वेळ लागला, कारण तो सगळी ताकद लावून ती मिटून होता.

"कुठल्या बोटानं कापलीस?"

उन्मेष रडायला लागला होता. रडता रडता तो सारखं एकच म्हणत होता, वाचा, सर, एकदा वाचा. पोवारांना ते ऐकू आलं. त्यांना वाटलं, आता हा मलाच वाचायला सांगतोय.

बोट त्यांनी स्वतःच निवडलं, अंगठ्याशेजारचं. ते मागं वाकवलं, वाकेल तितकं, आणि मग जरा अजून. आवाज लहान झाला, ओली शेंग फोडल्यासारखा. त्याच्यापेक्षा मोठा आवाज उन्मेषचा झाला, आणि तो ऐकून खालचे साचे करणारे मोल्डिंगवाले जिन्यापर्यंत आले.

"सर, सोडा त्यांना."

कालिंदी दारात उभी होती. लॅबच्या पांढऱ्या कोटाला काजळी लागलेली, दम लागलेला. पोवारांनी हात सोडला. सोडण्यासारखं आता त्यात काही उरलं नव्हतं. ती दोघांच्या मधून, भात तुडवत, प्रिंटरपाशी गेली. सात पानं तोवर येऊन पडली होती. तिनं ती उचलली, टेबलावर उभी ठोकून सारखी केली आणि पोवारांच्या पुढं धरली.

"मी खालून प्रिंट दिली होती, तिन्ही मेलची. तुमच्यासाठी. तुम्ही वाचेपर्यंत थांबाल असं वाटलं."

*

उन्मेषला दोघांनी खाली नेलं. जाताना त्यानं चष्मा मागितला आणि कुणीतरी तो आणून दिला. एक काच नव्हती, तरी त्यानं तो घातला.

मग पोवारांना बसवण्यात आलं. कुणी पाणी आणलं, कुणी चहा आणला, कुणी कानामागं हळद दाबली. जोतीराम म्हणाला, लई बरं केलासा साहेब, आमच्या सगळ्यांच्या वतीनं केलासा. मोल्डिंगचा एकजण म्हणाला, दुसरं बोट बी घ्यायला पाहिजे हुतं, जोडी तशी बरी दिसत न्हाय. दोघेतिघे हसले. पोवारांनी मानेवर उतरलेलं रक्त पुसायला हातातल्या कागदांचा कोपरा वापरला, आणि पुसता पुसता त्यांना लाल अक्षरं दिसली. ती आधीपासूनची होती.

शब्द मोडून त्यांनी ती वाचली.

शेवटच्या पाच पानांवर कालिंदीची मेल होती, मोजमापांच्या तक्त्यांसकट. त्याच्या वर उन्मेषनं दिलेलं उत्तर, एकेका मुद्द्याखाली. चौथ्या मुद्द्याखाली लाल अक्षरांत होतं: बरोबर आहे. धोका आहे. दोन नंबरची भट्टी आज रात्रीपासून बंद ठेवावी. पोवार सर, कृपया जोतीराम यांना हे पुढे पाठवावे, शिफ्टचा तक्ता सोबत जोडला आहे.

आणि सगळ्यांत वर, पहिल्या पानावर, काल संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी जोतीरामला पुढं गेलेली मेल, प्रत कालिंदीला. उन्मेषच्या मजकुरातलं शेवटचं अर्धं वाक्य तेवढं तीत ठेवलेलं होतं: शिफ्टचा तक्ता सोबत जोडला आहे. त्याच्याखाली लिहिलं होतं, "पाहावे. नियमाप्रमाणे छाटले आहे." खाली सही. अमरसिंह य. पोवार.

त्यांना काल संध्याकाळ आठवली. मेल उघडली तर वरपासून खालपर्यंत लाल. ती न वाचता त्यांनी सगळ्यात खालचा तुकडा ठेवला, बाकी सगळं निवडून, काळं करून एका बोटानं उडवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळल्याचा त्यांना असा काही आनंद झाला की त्यांनी नृसिंहरावांना बोलावून पडदा दाखवला. नृसिंहराव पोट धरून हसले होते. म्हणाले होते, साहेब, तुम्ही तर मेलचं जावळच काढलंत.

पोवारांनी मान वर केली. नृसिंहराव जमिनीवर उकिडवे बसून भाताची शितं एकेक वेचून डब्यात टाकत होते. तो भात आता कुणी खाणार नव्हतं. त्यांनी काही केल्या वर बघितलं नाही.

*

विश्वजितदादा बारा वाजता आले. पोवार त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे, म्हणून ते त्यांना काका म्हणत. केबिनचं दार लावून त्यांनी सांगितलं की दवाखान्याचं सगळं कंपनी बघेल. उन्मेषशीही बोलणं झालंय, तो तक्रार करणार नाही, राजीनामा देतोय, संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जाईल. उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील. तेव्हा काकांनी आज एक चार ओळींची मेल टाकावी, की सूचना खाली पोचली नाही ती प्लॅनिंगकडून. ऑफिसात सगळे तसंच म्हणतायत.

पोवारांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. दादांनी पहिलं पान बघितलं. बघायला लागावा तेवढाच वेळ त्यांना लागला. मग त्यांनी सातही पानांची चौकोनी घडी घातली आणि ती पोवारांच्या खिशात ठेवून खिशावर हलकेच थोपटलं.

"तुमचं तुमच्यापाशी राहू दे, काका. आपल्याला कुठं एवढं वाचाय येतंय."

बाहेर कालिंदी जिन्यात उभी होती. पोवार तिच्या शेजारून खाली उतरले. फाटकापर्यंत वाटेत सात-आठजणांनी त्यांना नमस्कार केला, एकानं तर वाकून.

*

सरकारी दवाखान्यात जळितांच्या वॉर्डात आत सोडत नव्हते. बाहेर बाकावर आक्काताई बसली होती, पाय पोटाशी घेऊन. शेजारी तिची मुलगी निशा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची, फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होती की गुडघ्याच्या खालचा एक पाय जाईल, दुसऱ्याचं डॉक्टर उद्या बघतो म्हणतायत.

पोवार उभे राहिले. आक्काताईनं आधी त्यांच्या बाहीकडं बघितलं, मग कानामागच्या हळदीकडं.

"बसा की दादा. तुमालाबी लागलंय."

ते बसले नाहीत. तिनं पदरानं बाक पुसला, म्हणून मग बसावं लागलं. ती म्हणाली, जोतीरामभावजींचा फोन आलता, सगळं कळलं. कागद दाबला त्यानं, त्याचं बोट मोडलासा म्हणं. ह्येनी आत पडल्यात, पण ऐकलं तर बरं वाटंल त्यास्नी. आपल्या माणसासाठी कोण करतंय आजकाल एवढं. एवढं बोलून तिनं पोवारांचा जळका हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. तेल लावता लावता ती त्यांच्या हाताशी अशी जपून वागत होती की पोवारांना दुखायला लागलं, सकाळपासून पहिल्यांदा.

त्यांनी डाव्या हातानं खिशातली घडी काढली. रक्त वाळून पानं एकमेकांना चिकटली होती. ती त्यांनी आक्काताईला दिली नाहीत, निशाकडे दिली.

"वाच. आईला समजंल असं."

निशानं पानं सोडवली आणि वरचं पान डोळ्यांपुढं धरलं. तिचे ओठ हलायला लागले तसा पोवारांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तिकडनं न्हवं. आधी घडलंय ते खाली असतंय. सगळ्यात खालच्या मेलपासनं धर, आणि वर वर ये. एक बी वाक्य सोडू नगंस."

निशानं खालची पाच पानं वर घेतली. ती वाचायला लागली. इंग्रजी येईल तिथं मराठी करून, मुद्दा एक, मुद्दा दोन. आक्काताई ऐकत होती आणि तिचा हात कोपरापासून मनगटाकडं, मनगटापासून कोपराकडं फिरत होता. तक्ते आले, आकडे आले, निशानं ते सगळे वाचले. चौथा मुद्दा आला. धोका आहे, हे लाल अक्षरांतलं वाक्य आलं. आक्काताई म्हणाली, म्हंजे त्या पोरानं लिवलं हुतं की. पोवार समोरच्या भिंतीकडं बघत होते. कृपया जोतीराम यांना हे पुढे पाठवावे, निशानं वाचलं, आणि ते पान गुडघ्यावर पालथं ठेवलं.

आता एकच पान राहिलं होतं.

तिची नजर त्यावरून एकदा खाली गेली. मग ती पोवारांकडं वळली, आणि त्यांनी वाच अशी मान हलवली.

तेल लावणारा हात चालूच होता.

"थांबलीस का?" आक्काताई म्हणाली. "वाच की."